उभ्या झाडाचे घनफूट

थर्ड इयरच्या सेमिनारला मी 'विमानातून लेझर सोडून जंगलातल्या इमारती लाकडाचा अंदाज' हा विषय दिला, तेव्हा आमचे गाईड सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "सोलापुरात राहून जंगल? आधी एखादं दाखव तरी." वर्ग हसला. मीही हसले. सरांचं बरोबरच होतं म्हणा! आपल्या जिल्ह्यात जंगल एक टक्क्याच्या आत आहे. आपल्याकडचं नाव घेण्यासारखं अभयारण्य म्हणजे नान्नजचं, आणि १९७९ साली ते झालं तेही माळढोक पक्ष्यासाठी, म्हणजे गवताळ माळासाठी. तिथे विमानातून लेझर मारला तर बहुतेक किरण सरळ जमिनीला आपटून परत यायचे. मध्ये अडवायला आहे कोण? चार बाभळी आणि एखादा कडुनिंब.

पण विषय मी मुद्दाम घेतला होता, आणि कारण जंगलाचं नव्हतं. कारण माळशिरस तालुक्यात माझ्या मामाच्या बांधावर उभं होतं. ते पुढे सांगते.

आधी एक साधा प्रश्न. समोर उभं असलेलं झाड किती लाकूड देईल, हे न कापता कसं सांगायचं? मी दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे मराठी बोललं की दंड असायचा, त्यामुळे मला 'टिंबर' आणि 'व्हॉल्यूम' हे शब्द चोख येत होते. 'घनफळ' मात्र कुणीतरी एका फळाचं नाव घेतल्यासारखं वाटायचं. (हसू नका, हॉस्टेलमध्ये माझ्यासारख्या अजून चौघी आहेत, नावं माहीत आहेत.) घनफळ म्हणजे काय ते मला पुस्तकाने शिकवलं नाही, माझ्या रूममेटने शिकवलं. ती अहेरीची, थेट गडचिरोली जिल्ह्यातली. कॅप राऊंडने तिला राज्याच्या या टोकाला आणून टाकलं. हॉस्टेलवर तिला सगळे 'अहेरी'च म्हणतात. तिचे वडील वनमजूर. कूप तोडायला लागलं की टेप धरायचं काम त्यांच्याकडे. आलापल्लीचा सागवान म्हणजे काय चीज आहे ते तिच्याकडून ऐकावं. तिथे 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून जुन्या सागाचा एक छोटा तुकडा राखून ठेवलेला आहे. २०१४ साली त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या झाडाला मिठी मारायला तीन माणसं लागतात, असं ती सांगते.

लाकडाच्या डेपोत ओंडका मोजतात तो असा. मधोमध दोरी किंवा टेप गुंडाळून घेर घ्यायचा. घेराला चारने भागायचं. आलेल्या आकड्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं. झालं घनफळ. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्यातली इंजिनीअर खवळली. अहो, ओंडका गोल, आणि तुम्ही त्याला चौकोनी समजून मोजताय? मी लगेच वहीत मांडलं. मधला घेर ८० सेंटिमीटर, लांबी ५ मीटर. डेपोच्या रीतीने ०.२० घनमीटर, म्हणजे सात घनफूट. वर्तुळाच्या खऱ्या सूत्राने ०.२५ घनमीटरच्या थोडं वर, म्हणजे नऊ घनफूट. ओंडका कितीही लहानमोठा घ्या, गुणोत्तर तेच येतं, पाय भागिले चार. म्हणजे शंभरातले साडेएकवीस घनफूट हिशेबातच नाहीत!

"काऊन वं, येवढी काऊन तापली?" अहेरी म्हणाली. "गोल लाकडाची फळी निघते का? बाजूचे फाटे जातेच ना."

तिचं उत्तर खरं होतं. करवतीवर गोल ओंडका चौकोनी करताना कडेचं लाकूड जातंच. इंग्रजांच्या काळापासून चालत आलेल्या या रीतीत ती तूट आधीच धरलेली आहे. दोन्ही बाजूंना रीत ठाऊक असेल तर अन्याय नाही. एकालाच ठाऊक असेल तर मात्र आहे.

हे झालं पाडलेल्या झाडाचं. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर घेतात. त्याला छातीच्या उंचीवरचा घेर म्हणतात. बुंधा खाली पसरट असतो, तो टाळायचा आणि माणसाला वाकावंही लागू नये, असा तो सोयीचा आकडा. मग उंची, आणि मग त्या जातीच्या झाडासाठी आधी बसवलेलं सूत्र. हे सूत्र कुणीतरी पूर्वी शेकडो झाडं पाडून, तुकडे मोजून काढलेलं असतं. पण लाखो झाडांच्या जंगलात प्रत्येक झाडाला टेप कोण गुंडाळणार?

या प्रश्नाला आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. डिट्रिख ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ १८५६ मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानी जंगलांवर अधीक्षक म्हणून आला. हा गृहस्थ हत्तीवर बसून जंगलातून एक रेघ धरून जायचा, हातात बांबूचे तुकडे आणि चाकू. दोन्ही बाजूंना दिसेल तो साग घेराच्या कोणत्या गटात बसतो ते पाहून त्या गटाच्या बांबूवर खाच पाडायची. पट्ट्यातल्या खाचांवरून अख्ख्या जंगलातली झाडं किती याचा अंदाज, आणि त्यावरून दर वर्षी किती तोडली तर जंगल संपणार नाही याचा. पुढे १८६४ मध्ये तो हिंदुस्थानच्या वनखात्याचा पहिला प्रमुख झाला. आपण स्टॅटिस्टिक्समध्ये 'सॅम्पलिंग' म्हणून जे घोकतो ते हा माणूस हत्तीवरून करत होता!

हत्तीच्या जागी विमान आणि चाकूच्या जागी लेझर ठेवा, की माझा सेमिनार सुरू होतो.

याला लायडार म्हणतात. विमान साधारण एक किलोमीटर उंचीवरून सरळ पट्ट्यांत उडतं. पोटातल्या यंत्रातून इन्फ्रारेड लेझरचे ठोके सेकंदाला लाखोंनी खाली जातात. एक ठोका खाली जाऊन परत यायला जेमतेम पावणेसात मायक्रोसेकंद. तो वेळ मोजायचा, प्रकाशाच्या वेगाने गुणायचा, निम्मा करायचा, की अंतर मिळालं. ऐकायला बारावीचं फिजिक्स आहे, पण वेळ मोजण्यात एका नॅनोसेकंदाची चूक झाली तर अंतरात पंधरा सेंटिमीटरचा फरक पडतो. शिवाय विमान काही स्टँडवर घट्ट बसवलेलं टोटल स्टेशन नाही. ते डुलतं, कलतं. म्हणून जीपीएस त्याची जागा सांगतो आणि कलण्याचा हिशेब दुसरं उपकरण क्षणाक्षणाला ठेवतं. ज्यांनी उन्हात ट्रॅव्हर्स करून क्लोजिंग एररसाठी जर्नल तीनदा लिहिलंय, त्यांना यातली मजा वेगळी सांगायला नको.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढची. जमिनीवर पडेपर्यंत त्या किरणाचा ठिपका साधारण वीतभर, दीड वीत रुंद झालेला असतो. त्यातला थोडा प्रकाश शेंड्याच्या पानांवर आपटून परत येतो, थोडा मधल्या फांदीवरून, आणि फटीतून निसटलेला उरलासुरला जमिनीवरून. एकाच ठोक्याचे तीन-चार प्रतिध्वनी! पहिला प्रतिध्वनी झाडाचा माथा सांगतो, शेवटचा बहुतेक वेळा जमीन सांगतो. वजाबाकी केली की झाडाची उंची. असे लाखो ठिपके मिळून कॉम्प्युटरवर जंगल उभं राहतं, अगदी धुक्यातून दिसावं तसं.

आता इथे एक मेख आहे, आणि माझ्या सेमिनारला जे काही चांगले मार्क पडले ते या मेखेमुळेच पडले. लेझर लाकूड मोजत नाही. तो उंची मोजतो, आणि पानोळा किती दाट आहे ते सांगतो. खोडाचा घेर वरून दिसतच नाही. मग घनफूट येतात कुठून? येतात ते टेपमधूनच! नॉर्वेच्या एरिक नेसेट यांनी २००२ साली जी दोन टप्प्यांची पद्धत मांडली, ती आज जगभर थोड्याफार फरकाने वापरतात. जंगलात ठिकठिकाणी छोटे नमुना-तुकडे आखायचे. तिथे माणसांनी जाऊन प्रत्येक झाडाचा घेर आणि ठरावीक झाडांची उंची घ्यायची, लाकूड काढायचं. मग त्याच तुकड्यांवरच्या लेझरच्या आकड्यांशी या लाकडाचं नातं समीकरणात बसवायचं. आणि ते समीकरण जिथे कुणी गेलेलंच नाही अशा उरलेल्या जंगलाला लावायचं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये सुचिपर्णी झाडांची सरळसोट जंगलं, दोन-तीनच जाती. तिथे एका भागातल्या लाकडाचा अंदाज दहा-पंधरा टक्क्यांच्या फरकाने येतो. हजारो हेक्टरसाठी हा आकडा झकास आहे.

म्हणजे वर विमान कितीही महागाचं असो, खाली टेप सैल धरला गेला तर ती सैल टेप समीकरणातून अख्ख्या जंगलावर पसरते. ही स्लाईड दाखवताना मी अहेरीकडे बघितलं. ती शेवटच्या बाकावर बसून शांतपणे मान डोलावत होती. रात्री मेसमध्ये म्हणाली, "मणजे माह्या बापाच्या टेपवरच इमान उडते म्हन ना." माझ्या पंचवीस स्लाईड्स तिने एका वाक्यात आटोपल्या.

आपल्याकडे अडचणी आणखी. विदर्भातल्या जंगलात सागाशेजारी ऐन, धावडा, बिजा, मोह, तेंदू. एकाच उंचीच्या दोन झाडांत लाकूड वेगळं, किंमत तर फारच वेगळी, आणि नुसत्या उंचीवरून लेझरला जात कळत नाही. साग उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं गाळून उभा असतो, तेव्हा किरण सरळ जमिनीपर्यंत जातात. पण पावसाळ्यात त्याच सागाची ताटाएवढी पानं पसरली की जमिनीचा पत्ताच लागत नाही. जमीन चुकली की उंची चुकली, आणि उंची चुकली की लाकूड चुकलं. तेव्हा उडायचं कधी हासुद्धा हिशेबाचाच भाग.

मग आपल्याकडे हे होतं का? देशातल्या जंगलांचा हिशेब डेहराडूनची फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था ठेवते. १९८७ पासून ती साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढते. ताजा २०२३ चा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. जंगल किती पसरलंय ते उपग्रहाच्या चित्रांवरून, आणि लाकूड किती ते जमिनीवरच्या नमुना-तुकड्यांवरून. विमानातल्या लेझरचं मोठं काम निघालं ते जुलै २०२० मध्ये. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने वॅपकॉस या सरकारी कंपनीला २६ राज्यांतल्या दोन लाख साठ हजारांहून जास्त हेक्टर वनजमिनीचं लायडार सर्वेक्षण दिलं. जून २०२१ मध्ये पहिल्या दहा राज्यांचे अहवाल आले, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. पण हे सगळं लाकडासाठी नव्हतं. पाण्यासाठी होतं. जंगलात बांध, चर, तळी कुठे करावीत, म्हणजे पाणी आणि चारा जनावरांना आतच मिळेल आणि ती गावात येणार नाहीत, यासाठी जमिनीचा चढउतार हवा होता. म्हणजे लेझरच्या प्रतिध्वनींतला शेवटचा, जमिनीचा, प्रतिध्वनी कामाचा. झाडांचा पहिला प्रतिध्वनी त्यातच पकडलेला असतो! २०२१ च्या मार्चमध्ये मुंबई-नागपूर वेगवान रेल्वेच्या मार्गासाठीही विमानातून असंच लायडार सर्वेक्षण सुरू झालं होतं. तिथेही नजर जमिनीवरच. मला विचाराल तर, एकदा उडालेल्या विमानाचे सगळे प्रतिध्वनी जपून ठेवले आणि खाली थोड्या टेपा धरल्या, तर लाकडाचा हिशेब कितीतरी स्वस्तात निघेल. सरांनी या वाक्याखाली लाल पेनने 'कॉस्ट?' लिहिलंय. तेही बरोबरच आहे.

असो. आता मामाचं सांगते.

माळशिरस तालुक्यात कॅनॉलचं पाणी आहे. मामाने माझ्या जन्माच्या आधी चार-पाच वर्षं बांधावर सागाची रोपं लावली होती. त्यातली अडतीस मोठी झाली. गेल्या वर्षी मामेबहिणीला नर्सिंगला ॲडमिशन मिळाली. हॉस्टेल धरून खर्च मोठा, ऊस गेलेला पण बिल यायचं बाकी. मामाने झाडं विकायची ठरवली. एक व्यापारी आला, बांधावरून एक चक्कर मारली, दोन-चार झाडांवर थाप मारली आणि म्हणाला, "दोनशे फूट निघंल. सातशेनं एक चाळीस. उक्तं देऊन टाका." उक्तं म्हणजे मोजमाप नाही, सगळं मिळून एक रक्कम. मामा जवळजवळ तयार होता. मामीला तर रोख पैसे दिसत होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले, सोबत अहेरी. तिला चार दिवसांसाठी गडचिरोलीला जाऊन येणं परवडत नाही. मामाला म्हटलं, आम्ही मोजून बघतो. मामा म्हणाला, "बघा की. पर त्यो मानूस वीस वर्सं ह्योच धंदा करतोय, पोरी. त्येची नजर हाय." नजर होतीच, यात शंका नाही. पण ती नजर त्याच्या बाजूने बघत होती.

दोन दिवस लागले. शिडी लावून अहेरी वर, टेप तिच्या हातात. मी खाली वही घेऊन. सरळ खोडाची लांबी कोन मोजून काढायची, म्हणजे पंधरा मीटरवर उभं राहून मोबाईलवरच्या क्लिनोमीटरने. मग त्या लांबीच्या मध्यावर घेर. अहेरी टेप कशी धरते ते बघण्यासारखं होतं. सालीवरचा खपला आधी हाताने पाडायची, टेप आडवी आहे का ते दोन्ही बाजूंनी बघायची, आणि आकडा दोनदा ओरडायची. मी एकदा म्हटलं, चालेल गं एखादा सेंटिमीटर. तिने नुसतं बघितलं. घेराचा वर्ग होतो, तेव्हा त्यातली चूक दुपटीने वाढते, हे मी तिला सांगायला हवं होतं की तिने मला, कोण जाणे!

डेपोच्या रीतीनेच, चारने भागून, बेरीज आली २७२ घनफूट. गोल सूत्राने ती साडेतीनशेच्या जवळ जाते, पण तो आकडा आम्ही काढलाच नाही बाहेर. ज्या रीतीने बाजारात मोजतात त्या रीतीनेच बोलायचं, असं अहेरीचं म्हणणं.

व्यापारी परत आला तेव्हा मामाने वही पुढे केली. तो आधी माझ्याकडे बघून हसला. मग त्याने वही उलगडून झाड नंबर सात आणि झाड नंबर एकोणीस स्वतः मोजून बघितली. आकडे जुळले. त्यानंतर तो हसला नाही, धंद्याचं बोलायला लागला, आणि खरं सांगते, तिथून पुढे तो माणूस मला आवडला. म्हणाला, "सालीवरनं मोजलंय तुमी. साल मी काय भावानं विकू?" मुद्दा रास्त होता. साल आठ मिलिमीटर धरली तर ८० चा घेर ७५ होतो आणि घनफळ बारा टक्क्यांनी उतरतं. २७२ चे २४० झाले. मग म्हणाला, पाण्यावर वाढलेला साग आहे, आत लाल गर कमी, पांढरं जास्त. म्हणून भाव सातशेच्या वर जाणार नाही. तेही आम्हाला खोडून काढता येईना. खोडाच्या आत काय आहे ते टेपला दिसत नाही, आणि विमानातून आलेल्या लेझरलाही नाही.

२४० गुणिले सातशे, एक लाख अडुसष्ट हजार. आधीच्या उक्त्यापेक्षा अठ्ठावीस हजार जास्त. मामेबहिणीची वर्षाची हॉस्टेल आणि मेस त्यात बसली. सागाला तोडीची परवानगी लागते, सातबाऱ्यावर झाडांची नोंद लागते, वाहतुकीचा पास लागतो. ते सगळं होईपर्यंत फेब्रुवारी उजाडला. तोड झाली त्या दिवशी मामी घराबाहेर आली नाही. एक झाड आत पोकळ निघालं, बुंध्यापासून पुरुषभर उंच. व्यापाऱ्याने ते मामाला दाखवलं, पण पैसे कापले नाहीत.

अहेरीने ही सगळी हकीकत फोनवर वडिलांना सांगितली. त्यांनी एकच विचारलं म्हणे, टेप कापडाची होती की स्टीलची? स्टीलची, असं ऐकल्यावर त्यांचं समाधान झालं. कापडाची टेप ताणते.

जूनच्या पहिल्या पावसानंतर मामाचा फोन आला. कापलेल्या बुंध्यांना धुमारे फुटलेत, एकेकाला सात-सात, आठ-आठ. साग असाच परत येतो. त्यातला एक जोमदार ठेवायचा आणि बाकीचे खुडायचे असतात. मामाने विचारलं, "अडतीसातला कंचा ठिवायचा त्ये त्या गडचिरोलीच्या पोरीला इचारून सांग." मी अहेरीला विचारलं. ती म्हणाली, जमिनीलगत फुटलेला ठेव म्हणा, वरच्या कापावर फुटलेला वाऱ्याने उपटतो.